दोन वाऱ्यांची होडी

"झेंडा बघा," चिटणीस म्हणाले आणि हातातली पट्टी त्यांनी भिंतीवर टेकवली. "शीड फुगलंय उजवीकडे. झेंडा उडतोय डावीकडे. आता मला सांगा, एकाच होडीत दोन वारे कसे?"

भिंतीवर प्रोजेक्टरमधून ते टोकन दाराएवढं मोठं होऊन पडलं होतं. खरं टोकन अंगठ्याच्या नखाहून थोडंसंच मोठं. पितळी, वरच्या कडेला भोक असलेलं, नदी ओलांडायच्या होडीत चढताना नावाड्याच्या हातावर ठेवायचं. आज त्यावरची होडी माणूस आत बसेल एवढी दिसत होती आणि डोलकाठीवरचा झेंडा चांगला हातभर. तिसऱ्या रांगेत टोकाला बसलेल्या भिंगकाकांनी त्या झेंड्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. अडतीस वर्षांपूर्वी तो त्यांनीच कोरला होता, आणि उलटा कोरला होता.

हे त्या खोलीतल्या चौदा जणांपैकी फक्त त्यांना ठाऊक होतं. बाकीचे कौतुकानं माना डोलवत होते. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी जमणारं हे नाणी-टोकनवाल्यांचं मंडळ म्हणजे एक वेगळाच गोतावळा होता. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमन, दोन सख्खे भाऊ जे एकमेकांशी फक्त इथंच बोलत, आणि चिटणीस, ज्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर इतिहासाच्या मागे लागले. ज्यांच्या छंदाला घरी सरळ भंगार म्हणतात अशी ही माणसं इथं येऊन एकमेकांचं भंगार भिंगातून बघत आणि छाती फुगवून घरी जात.

त्यांच्यात भिंगकाकांना मोठा मान होता. बाकीच्यांनी टोकनं जमवली होती, काकांनी ती घडवली होती. बिल्ले आणि टोकनं पाडणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं ठसे कोरले. ठसा म्हणजे पोलादाचा तुकडा. त्यावर चित्र कोरायचं, तो तापवून कडक करायचा आणि यंत्रात बसवून पितळेवर हाणायचा. कापडगिरणीच्या कॅन्टीनचं रात्रपाळीचं टोकन चौकोनी का, तर अंधारात खिशात हात घातला की बोटांना कळावं म्हणून. न्हाणीघराच्या टोकनावर मासा का, तर येणाऱ्यांना वाचता येत नसे म्हणून. होडीच्या टोकनाला भोक का, तर नावाड्यानं ते दोरीत ओवून कमरेला बांधावं म्हणून. असं काही अडलं की सगळे काकांकडे वळत, आणि काका डोळ्याला भिंग लावून जे सांगत त्यावर कुणी पुढं प्रश्न विचारत नसे. बायको गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात रविवार हाच एक वार उरला होता.

आणि आज त्याच खोलीत ते समोरच्या भिंतीकडे बघायचं टाळत बसले होते.

चिटणीस रंगात आले होते. या टोकनाच्या बारा हजार प्रती निघाल्या, पण होडीवाल्या कंपनीनं त्या नाकारल्या आणि बहुतेक वितळवल्या. काही थोड्या बाहेर निसटल्या. आता शोधूनही सापडत नाही असं हे टोकन! का नाकारलं कंपनीनं? चूक होती म्हणून? छे. त्या वर्षी नदीवर पूल व्हायचं ठरलं होतं. साठ नावाडी बेकार होणार होते. अशा वेळी कारखान्याच्या सगळ्यात जुन्या, मुरलेल्या कोरक्यानं, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, जाणूनबुजून वाऱ्याविरुद्ध उडणारा झेंडा कोरला. एका कारागिरानं पोलादावर नोंदवलेला तो निषेध होता. त्यासाठी त्यानं नोकरी गमावली पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

टेबलावर नव्या कोऱ्या पुस्तिकांचा गठ्ठा होता, वर ठळक अक्षरांत 'वाऱ्याविरुद्धचा झेंडा'. पहिली प्रत उस्तादांच्या मुलीला द्यायची होती. ती पहिल्या रांगेत बसली होती. सत्तेचाळीस वर्षांची, अंगानं किरकोळ, हाताच्या बोटांना पितळेची काळपट झाक. स्टेशनाबाहेर किल्ल्या बनवायचा ठेला होता तिचा. आधी तो उस्तादांचा होता. बारा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हापासून ती चालवत होती.

काका तिच्या पाठीकडे बघत होते. शाबासकी उस्तादांनाच मिळतेय ना, ते मनाशी म्हणत होते, मग मिळू दे. खोटी का असेना. मेलेल्या माणसाला मानाचं पान मिळतंय, त्याच्या मुलीला पुस्तिका मिळतेय, कुणाचं काय बिघडलं? हा हिशेब इतका सोयीचा होता की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

खरं काय घडलं ते निषेधाइतकं भारदस्त नव्हतं. होडी, शीड, पाणी, सगळं उस्तादांनी कोरलं होतं. झेंडा तेवढा शिल्लक ठेवला आणि शेजारच्या बाकावरच्या सत्तावीस वर्षांच्या माणसाला म्हणाले, एवढा झेंडा तू कर, हात बसू दे. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तरच टोकनावर सुलटं उमटतं. म्हणून कोरके समोर कागदावरचं चित्र ठेवतात आणि त्याच्यापुढं एक छोटा आरसा. बघायचं ते आरशात. कागदाकडे नजरसुद्धा न्यायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी सकाळी दहाला त्याला निरोप आला की बायकोला दवाखान्यात नेलंय, दिवस भरायच्या आधीच, आणि लक्षण बरं नाही. झेंड्याच्या तीन रेघा राहिल्या होत्या. त्यानं त्या घाईनं मारल्या, आणि मारताना नजर कागदावर होती. भिंगाखाली तांदळाच्या दाण्याएवढीच जागा दिसते, शेजारचं शीड दिसत नाही. उस्ताद म्हणाले, तू पळ, बाकीचं मी बघतो. नेहमी ते ठसा कडक करण्याआधी मेणावर उमटवून बघत. त्या दिवशी माल घाईचा होता आणि त्यांचा शेजारच्या हातावर भरवसा होता. त्यांनी ठसा तसाच भट्टीत घातला.

चूक ना मालकाच्या लक्षात आली ना कंपनीच्या बाबूंच्या. पहिली पोती घाटावर गेली आणि नावाडी पोट धरधरून हसले. चार दिवसांनी मालक ठसा हातात घेऊन कोरक्यांच्या खोलीत आला आणि विचारलं, झेंडा कुणाचा? बायको दवाखान्यातच होती. मुलगी काचेच्या पेटीत होती, मूठभर. दवाखान्याची सोय कारखान्याच्या कार्डावर होती. नोकरी गेली की कार्ड गेलं. त्यानं तोंड उघडलं नाही. उस्तादांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, फार वेळ नाही, आणि म्हणाले, माझा.

संध्याकाळी ते आपल्या कोरण्या फडक्यात गुंडाळत होते तेव्हा तो जवळ जाऊन उभा राहिला. तेच म्हणाले, मला कुठंही काम मिळेल. ते मात्र खरं ठरलं नाही. ज्याच्या हातून बारा हजार टोकनं बिघडली त्याच्या हातात पोलाद द्यायला कुणी तयार होईना.

नंतर सांगू, जरा स्थिरस्थावर झालं की सांगू, असं करता करता अडतीस वर्षं गेली. काका स्टेशनाच्या त्या बाजूला जात नसत. लांबचा जिना चढत. आणि जिथं म्हणून ते दोन वाऱ्यांचं टोकन दिसेल तिथून ते गुपचूप उचलत. घरी पत्र्याच्या डब्यात सतरा होती. आपली चूक जगाच्या नजरेआड करावी एवढाच हेतू होता, पण त्यांनी इतकी उचलली की उरलेली दुर्मिळ झाली, दुर्मिळ झाली म्हणून चिटणिसांचं कुतूहल चाळवलं, आणि आता तोच झेंडा भिंतीवर हातभर होऊन फडकत होता.

टाळ्या वाजल्या. चिटणिसांनी पुस्तिका पुढं केली. उस्तादांची मुलगी उठली, तिनं पुस्तिका घेतली नाही. हात मागंच ठेवून ती भिंतीकडे बघत राहिली.

"तुम्ही एवढं केलंत, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण हे आमचे बाबा नव्हेत."

चिटणिसांना वाटलं, भारावून बोलतेय. ते मंद हसले.

ती सांगायला लागली. भाषण द्यायची सवय नव्हती, त्यामुळे ती ठेल्यावर गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलत होती. बाबा मांजर आडवं बसलं असेल तरी वळसा घालून जायचे. त्यांनी उभ्या जन्मात कुणाचा निषेध केला नाही. आणि केला असता तरी कामात नसता केला. काम वाकडं करणं त्यांना जमायचंच नाही, मुद्दाम म्हटलं तरी. घरात मात्र सगळ्यांनी हेच धरून ठेवलं की त्यांची नजर गेली आणि हातून चूक झाली. आई आजही तेच म्हणते. मग मी लहानपणापासून ऐकत आले ती गोष्ट आणि तुमची ही दुसरी, यांतली खरी कुठली?

"त्यांनी कधी काही सांगितलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाच. मी किल्ली कापायला शिकत होते तेव्हा. म्हणाले, रेघेवरून हात ओळखता येतो. मी म्हटलं, मग त्या झेंड्यावरून सांगा. तर उठून पाणी प्यायला गेले."

तिनं पिशवीतून फडकं काढलं. फडक्यात पत्र्याचे पाच-सहा तुकडे होते, उस्तादांनी सरावासाठी कोरलेले. ती म्हणाली, बाबा डावखुरे होते. कोरणी शिरते तिथं रेघ बारीक असते आणि सुटते तिथं जाड. डावऱ्या हाताची रेघ उजवीकडून शिरते. या तुकड्यांवर बघा, सगळ्या तशा. मग ती भिंतीजवळ गेली आणि शिडावर बोट ठेवलं. टोकनावर सगळं उलटं उमटतं हे धरूनही इथं त्याच हाताच्या रेघा आहेत. बोट वर सरकलं. झेंड्याच्या तीन रेघा. या दुसऱ्या बाजूनं शिरल्यात.

खोलीत चुळबुळ झाली. दोघे भाऊ एकमेकांच्या कानाला लागले. चिटणीस पट्टी घेऊन पुढं आले. फोटोत सावली पडते, ते म्हणाले, एवढं मोठं केलं की काहीही दिसतं, आणि कोरणाऱ्यानं हात बदललाही असेल. मग त्यांना एकदम सुटकेचा मार्ग सापडला आणि चेहरा उजळला.

"आपल्याकडे जाणकार माणूस बसलाय की! काकांनी त्याच कारखान्यात काम केलंय. काका, तुम्ही बघा आणि सांगा, म्हणजे प्रश्नच मिटला."

तेरा माणसं वळली. कुणीतरी खुर्ची सरकवून वाट करून दिली. काका उठून त्या वाटेनं पुढं आले. खिडकीपाशी उजेड चांगला होता. चिटणिसांनी टोकन तळहातावर ठेवलं, मुलीनं तिच्याजवळचा एक पत्रा दिला, आणि काकांनी डोळ्याला भिंग लावलं.

भिंग लावलं की जग नाहीसं होतं, हे त्यांना या धंद्यातलं सगळ्यात मोठं सुख वाटत आलं होतं. आज तेही साथ देईना. तीन रेघा समोर होत्या. पहिली बरी. दुसरी शेवटाला थरथरलेली. तिसरी तर नुसती ओढलेली, दाराकडे एक पाय टाकून मारल्यासारखी. त्या सकाळची सगळी धांदल तिथं जशीच्या तशी होती. इतक्या वर्षांत सतरा टोकनं डब्यात टाकली, पण एकाही झेंड्याकडे त्यांनी असं भिंगातून बघितलं नव्हतं.

"डावऱ्या हाताची आहे," एवढं म्हटलं की संपलं असतं. कुणी पुढं विचारलं नसतं. पुस्तिका वाटल्या गेल्या असत्या, चहा झाला असता, पुढचा रविवार उजाडला असता. ती बाईसुद्धा घरी गेली असती, एक खोटा वीर घेऊन. ती अगदी जवळ उभी होती. तिच्या हाताला तेलाचा आणि पितळेचा वास होता, कोरक्यांच्या खोलीला यायचा तोच.

"उजव्या हाताची आहे," काका म्हणाले.

"नक्की?" चिटणीस.

"नक्की."

"मग कुणाची?" तिनं विचारलं. "तेव्हा तिथं उजव्या हाताचे किती होते?"

"चार."

"त्यातलं आता कोण आहे?"

काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"मी एकटा," ते म्हणाले. आणि ती पुढचं विचारेल म्हणून न थांबता, "झेंडा माझाच आहे. माझ्या हातून उलटा झाला. उस्तादांनी अंगावर घेतलं. मी तिथंच उभा होतो."

भिंतीवर होडी तशीच होती. पोस्टमननी उठून खिडकीचं दार उगाचच लावलं आणि पुन्हा उघडलं. चिटणीस टेबलाजवळ जाऊन पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभे राहिले, जणू कुणी तो उचलून नेणार होतं.

"काका, छापून झालंय हो," ते शेवटी म्हणाले. अगदी काकुळतीनं. मग थोडं सावरून म्हणाले की दुसऱ्या आवृत्तीत एखादी तळटीप टाकता येईल. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ती काकांकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग म्हणावा तर तोही नीट दिसेना. एखादी किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही तेव्हा माणूस बघतो तसं बघत होती.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसलो." मग त्यांनी बायको, दवाखाना, काचेची पेटी असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. तिनं हातानंच थांबवलं.

"मला नका सांगू. मी बाबांना कधी बोलले नाही. बोलायची ती आई. आईला सांगा."

"सांगतो. कधी येऊ?"

"आत्ता," ती म्हणाली. पत्र्याचे तुकडे तिनं एकेक करून फडक्यात बांधले. टोकन चिटणिसांचं होतं. ते परत द्यायला काकांनी हात पुढं केला, तर चिटणिसांनी मान हलवली आणि त्यांची मूठ मिटवली. भला माणूस होता तसा.

जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा जेमतेम अकरा वाजले होते. ती पुढं, काका मागं. ती झपाझप चालत होती आणि मागं वळून बघत नव्हती. काकांना दम लागला, पण थांबा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. स्टेशनाच्या कोपऱ्यावर तिचा ठेला बंद होता. वर टांगलेली लाकडी किल्ली, हातभर लांब, कुणीतरी सुबक कोरलेली. कुणी कोरली हे विचारायची गरज नव्हती. काकांनी तिथून नजर खाली घालून पाय उचलला. मनात एकच धास्ती होती की आपण दारात जाऊन परत फिरू. स्वतःवरचा त्यांचा विश्वास कधीच उडाला होता.

तिचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीशी पलंग, पलंगावर ऐंशीच्या पुढची बाई उशीला टेकून बसलेली. डोळ्यांवर पांढरी साय आली होती, पण कान तिखट असावेत. दार उघडताच ती म्हणाली, "कुणाला आणलंयस बरोबर? पाय ओढत चालतोय."

"बाबांच्या कारखान्यातले आहेत," मुलगी म्हणाली. "तुला काहीतरी सांगायचंय त्यांना."

काका पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. "वहिनी," ते म्हणाले. या बाईला त्यांनी आयुष्यात दोनदा बघितलं होतं, दोन्ही वेळा वहिनीच म्हटलं होतं. मग त्यांनी सांगितलं. खाली बघत, न थांबता, वाटेत स्वतःसाठी कुठंही आडोसा न शोधता. आरशात न बघता कागदाकडे बघितलं हे सांगितलं. मालकानं विचारलं तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली हे सांगितलं. आपली मुलगी वाचली, आता दूर गावी शिकवते, हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना रडू आलं. उस्तादांची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

म्हातारी शिव्या देईल अशी त्यांची तयारी होती. किंबहुना तशी आस होती. शिव्या खाल्ल्या की माणूस थोडा मोकळा होतो. ती नुसती पांघरुणाची किनार बोटांनी चाचपत राहिली.

"म्हणजे डोळे चांगले होते त्यांचे," ती म्हणाली.

"उत्तम होते, वहिनी. त्यांच्यासारखी नजर मी नंतर कुणाची बघितली नाही."

"मला वाटायचं डोळे गेलेत आणि हा माणूस कबूल करत नाही." ती मुलीच्या दिशेला वळली. "सकाळी ठेल्यावर निघाले की मी रोज म्हणायचे ना गं, नीट बघून कापा. शेजारपाजारच्यांसमोरसुद्धा. कुणी पाहुणा आला तरी."

"आई, राहू दे आता."

"सव्वीस वर्षं म्हणत होते. रोज. आणि ते हो म्हणायचे." तिचा आवाज चढला नाही. "एकदा तरी म्हणायचं होतं की बाई, गप्प बस. एकदा."

काकांना तेव्हा कळलं की आपण ओझं उतरवायला आलो आणि ते उतरवून कुणाच्या अंगावर ठेवलं. उस्तादांनी का सांगितलं नाही हेही कळल्यासारखं वाटलं. खरं कळल्यावर बायको कीव करून चांगलं वागली असती ते आवडलं नसतं त्यांना, की बोलणी खाणंच सोपं वाटलं? नाही, तेही नीट कळलं नाही. ते उठायला लागले तर म्हातारीनं हात पुढं केला.

"आहे का तुमच्याजवळ ते?"

त्यांनी मुठीतलं टोकन तिच्या तळहातावर ठेवलं. मूठ इतका वेळ घट्ट होती की ते गरम झालं होतं. तिनं ते अंगठ्यानं चाचपलं. आधी कड, मग भोक. मग होडीवरून अंगठा हळूहळू फिरला. "हे शीड," ती म्हणाली. "हे पाणी. हे त्यांचं."

"हो."

"आणि झेंडा?"

"भोकाच्या जरा खाली."

तिनं भोकाच्या खाली अंगठा नेला. नखानं बघितलं. टोकन दुसऱ्या हातात घेऊन तर्जनीनं बघितलं. मुलगी जवळ आली, तिनं आईचं बोट धरून नेमकं त्या जागी ठेवलं.

"हाताला लागत नाही," म्हातारी म्हणाली. "एवढंसंच होतं?"

"हो," काका म्हणाले.

ती पुन्हा चाचपायला लागली. खाली रस्त्यावर रविवारची दुकानं उघडत होती. मुलीनं ठेल्याच्या किल्ल्या खुंटीवरून घेतल्या, पण ती निघाली नाही. तिघंही तिथंच राहिले, आणि म्हातारीचा अंगठा त्या पितळेवरून परत परत फिरत राहिला.